वासाची विल्हेवाट

भारतीय दर्शनांत इंद्रियांविषयी एक जुना वाद आहे. डोळा वस्तूला जाऊन भिडतो की दुरूनच तिला ओळखतो, कान शब्दाला गाठतो की नाही, यावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतके भांडले. नैयायिकांच्या मते सगळीच इंद्रिये प्राप्यकारी. विषयाला गाठल्याशिवाय ज्ञान नाही. बौद्धांनी डोळा आणि कान यांना या नियमातून वगळले. घ्राणाबद्दल मात्र दोन्ही पक्षांत तंटा नव्हता. वास दुरून घेता येत नाही. ज्याचा वास येतो त्याचा अंश नाकात आलेला असतो, तिथल्या ओलाव्यात विरघळलेला असतो, आणि मगच तो कळतो.

या एकमतातून एक साधा प्रश्न निघतो. आत आलेल्या त्या अंशाचे पुढे काय होते? प्रकाश डोळ्यात जिरतो आणि संपतो. आवाजाची थरथर विरून जाते. वास हा मात्र पदार्थ आहे, त्याला वस्तुमान आहे. तो जागचा हलवला नाही, तर सकाळच्या फोडणीतला हिंग दिवसभर नाक व्यापून बसेल आणि दुसरा कोणताही वास कळणार नाही. म्हणजे वास ओळखण्याइतकेच त्याची विल्हेवाट लावणे हेही नाकाचे काम ठरते. या दुसऱ्या कामाविषयी आपण फार कमी बोलतो. नाकाच्या दुखण्याचे मूळ अनेकदा याच कामात दडलेले आहे, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते.

इंद्रियांच्या भोगाविषयी आपल्याकडे भरभरून लिहिले गेले आहे. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव मराठी बोलांची अशी थोरवी गातात की त्यांच्यावरून इंद्रियांतच भांडण लागावे. कानाच्या मालकीच्या शब्दावर जीभ हक्क सांगते आणि नाकही मागे राहत नाही. इंद्रिय म्हणजे भोक्ता, ही जाण तिथे फार सुंदर उमटली आहे. पण भोक्त्याला भोगलेल्याचा निचराही करावा लागतो. तो कसा होतो हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

नाकाच्या पोकळीच्या माथ्यावर, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, पिवळसर अस्तराचा एक पट्टा असतो. दोन्ही बाजूंचा मिळूनही तो काही चौरस सेंटिमीटरच भरतो. हेच घ्राणपटल. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, त्यांना चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या उभट आधारपेशी असतात, बुडाशी नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशी असतात, आणि त्याखाली बोमनच्या ग्रंथी. या ग्रंथी पाझरतात म्हणून पटल ओले राहते. चेतापेशीचे एक टोक मेंदूत पोचलेले आणि दुसरे श्वासाच्या हवेत उघडे. मेंदू आणि बाहेरचे जग यांच्यात इतके थोडे अंतर शरीरात आणखी कुठेही नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांचे कुल शोधून काढले. २००४ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. त्याच १९९१ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील डोरॉन लँसेट यांच्या गटाने घ्राणपटलातल्या एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, काम ‘नेचर’मध्ये मांडले. वासाच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल जोडायचे, की तो पाण्यात विरघळतो, ग्राहीला ओळखू येईनासा होतो आणि धुऊन जातो. पहिल्या शोधाने वासाचे दार सापडले, दुसऱ्याने मोरी. जगाला दाराचेच अप्रूप वाटले, ते साहजिक होते. पण मोरीचे शास्त्र त्याआधीच सुरू झाले होते आणि त्यात घ्राणेंद्रियाची सगळी करुण कथा आहे.

त्या कथेचा आरंभ १९८२ मध्ये धरता येतो. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क इथल्या लव्हलेस संस्थेत अ‍ॅलन डाल आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांच्या नाकाच्या अस्तराचा अभ्यास करत होते. त्यांना घ्राणपटलात सायटोक्रोम पी-४५० हे विकर भरपूर आढळले. हे विकरांचे एक मोठे घराणे आहे. माणसात त्याची ५७ जनुके आहेत. जपानमध्ये ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये त्याला हे नाव दिले. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेले की हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, म्हणून ४५०. त्याच्या गाभ्यात रक्तातल्यासारखेच हीम आणि लोह असते. चरबीत विरघळणाऱ्या, म्हणजे शरीराबाहेर सहज न जाणाऱ्या, पदार्थाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवायचा हे त्याचे मुख्य काम. तेवढ्याने पदार्थाला दुसरे काहीतरी जोडायला जागा होते. मग विकरांची दुसरी फळी त्या जागी ग्लुकुरोनिक आम्ल किंवा ग्लुटाथिओन जोडते आणि पदार्थ लघवी-पित्तावाटे निघून जातो. औषधे, विषे, मसाल्यातली तेले, सगळ्यांची वाट हीच.

हे काम यकृताचे, असे सगळे धरून चालले होते. नाकातल्या एवढ्याशा पट्टीत ते यकृताच्या तोडीने चालावे, काही पदार्थांच्या बाबतीत यकृतालाही मागे टाकावे, हे अनपेक्षित होते. आता विचार केला तर त्यात नवल वाटत नाही. यकृताकडे पदार्थ रक्तातून, सवडीने येतात. घ्राणपटलाला दर श्वासागणिक नवा पदार्थ आणि दर श्वासागणिक त्याची विल्हेवाट. तिथे विकर विपुल हवेतच. ती चेतापेशींत फारशी नसतात. आधारपेशींत आणि बोमनच्या ग्रंथींत ठासून भरलेली असतात. ओळखण्याचे काम एकीकडे आणि निस्तरण्याचे दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे.

निस्तरणे आणि ओळखणे इतके वेगळेही राहत नाही. तोक्यो विद्यापीठातील नागाशिमा आणि तोउहारा यांनी २०१० मध्ये दाखवले की उंदराच्या नाकातल्या द्रवात काही वासांचे रेणू पाहता पाहता दुसऱ्याच रेणूंत बदलतात. कडू बदामाचा वास देणारे बेंझाल्डिहाइड हे त्यांपैकी एक. विकरांना रोखून धरले तर मेंदूत उमटणारा नकाशा बदलतो आणि उंदीर तो वास वेगळा समजतो. म्हणजे नाकाला जे कळते त्यात जगाचा वाटा असतो, तसा नाकाने जगावर केलेल्या क्रियेचाही असतो.

आता या व्यवस्थेची दुखरी बाजू. पी-४५० ऑक्सिजन चिकटवते तेव्हा तयार होणारा मधला रेणू काही पदार्थांच्या बाबतीत मूळ पदार्थापेक्षा कितीतरी जहाल असतो. तो अस्थिर असतो, भेटेल त्या प्रथिनाला, डीएनएला जाऊन चिकटतो. दुसऱ्या फळीने त्याला वेळेत पकडले तर काही बिघडत नाही. पहिल्या फळीचा वेग जास्त झाला, ग्लुटाथिओनचा साठा सरला, की तो रेणू ज्या पेशीत जन्मला तिचाच घात करतो. ‘विषारी पदार्थ’ असे म्हणताना विष त्या पदार्थातच भरलेले आहे असे आपण गृहीत धरतो. इथे तसे नाही. पदार्थ बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो, पेशीही निरोगी असते. दोघांच्या भेटीत विष निपजते. आणि जिथे विकर जास्त, तिथे ते अधिक निपजते.

तणनाशकांच्या अभ्यासात हे लख्ख दिसले. डायक्लोबेनिल नावाचे एक तणनाशक आहे. स्वीडन आणि नॉर्वेतल्या ब्रँड्ट, ब्रिट्टेबो प्रभृतींनी १९९० च्या सुमारास ते उंदरांना टोचले. एका मात्रेत यकृत शाबूत, फुप्फुसे शाबूत, आणि नाकाच्या माथ्यावरचे पटल उद्ध्वस्त. औषध नाकावाटे दिलेलेच नव्हते. ते रक्तातून तिथे पोचले होते. सगळ्यात आधी मेल्या त्या बोमनच्या ग्रंथी, कारण तिथेच विकर सर्वांत जास्त. चेतापेशी मागाहून गेल्या, आधार तुटला म्हणून. पी-४५० चे काम बंद पाडणारे मेटिरापोन आधी दिले, तर हेच तणनाशक नाकाला धक्का लावू शकले नाही. एवढ्या एका निरीक्षणात सारा सिद्धान्त सामावला आहे.

नगरच्या शेतकऱ्याला डायक्लोबेनिल ओळखीचे नसेल, अ‍ॅलाक्लोर असू शकेल. सोयाबीन, भुईमूग, कपाशी अशा पिकांत तण उगवण्याआधी फवारायचे ते औषध. उंदराच्या मोठ्या जातीला, म्हणजे रॅटला, ते दीर्घकाळ खाद्यातून दिले तेव्हा नाकाच्या घ्राणभागात गाठी झाल्या. पुन्हा तेच: पोटातून गेले आणि नाकात उठले. यकृत आणि नाक या दोघांच्या विकरांनी मिळून त्याचे क्विनोन-इमाइन जातीचे जहाल रूप घडवले होते. भारत सरकारने २०१८ च्या आदेशाने ज्या अठरा कीडनाशक-तणनाशकांवर बंदी आणली त्यांत अ‍ॅलाक्लोर होते. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० नंतर थांबवायचा होता. फवारणी करताना तोंडाला फडके बांधा हा सल्ला योग्यच आहे, पण फडक्याने नाक वाचते ही समजूत अपुरी आहे. कातडीतून, अन्नातून रक्तात गेलेला पदार्थही नाकाच्या माथ्यावर पोचतो, कारण तिथे त्याचे रूपांतर करणारी यंत्रणा हजर आहे.

घराघरांतल्या ट्रंकेत, लोकरीच्या कपड्यांत, ठेवणीतल्या शालूच्या घडीत ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्यांचीही हीच गोष्ट. त्यांतले नॅफ्थलीन हवेत उडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन वर्षे नॅफ्थलीनच्या वाफेत ठेवलेल्या रॅटच्या नाकांत घ्राणपटलाचे कर्करोग आढळले. पुढे शिनशिन डिंग यांच्या प्रयोगशाळेने एकेक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. पी-४५० घराण्यातले सीवायपी-२एफ-२ हे विकर नसलेल्या उंदरांची फुप्फुसे नॅफ्थलीनपासून वाचली, नाक वाचले नाही. सीवायपी-२ए-५ नसलेल्यांचे नाक वाचले. एकाच हवेत, एकाच प्राण्यात, कोणते अवयव पडायचे आणि कोणते उभे राहायचे हे एकेका विकराने ठरवावे, याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही.

इथे थोडे आडवाटेने जायचा मोह होतो. ऑगस्ट १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य स्थानबद्ध होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सर्वांना माहीत आहे. मौलाना आझादांनी त्याच भिंतींआड ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली आणि त्यांत ‘व्हाइट जस्मिन’ नावाच्या चिनी चहाविषयी, त्याच्या तरल सुगंधाविषयी, फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. खऱ्या चमेली-मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा रेणू असतो. त्याला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा, म्हणजे मिथिलचा, जोड दिला की होते स्कॅटोल. गोठ्यातल्या शेणाच्या वासात ते असते, आणि अगदी अल्प मात्रेत अत्तरवालेही वापरतात. मोगरा आणि शेण यांच्यात एवढेच अंतर. विकराच्या दृष्टीने मात्र ते अंतर मोठे आहे. पी-४५० स्कॅटोलच्या त्या मिथिललाच धरते, त्यातला हायड्रोजन ओढून काढते, आणि उरलेला रेणू पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो. इंडोलजवळ मिथिलच नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही वाट बंद. स्कॅटोलची मोठी मात्रा टोचलेल्या उंदरांचे घ्राणपटल झडते. गाईंमध्ये हाच पदार्थ वेगळीकडे मारतो: कोरड्या चाऱ्यावरून एकदम हिरव्यागार कुरणात सोडलेल्या जनावराच्या पोटातले जिवाणू गवतातल्या ट्रिप्टोफॅनपासून स्कॅटोल करतात, ते रक्तातून फुप्फुसात जाते आणि तिथल्या विकरांच्या हातून जनावराला धाप लावते, कधी जीवही घेते. लोणी, संगमनेर, राहुरी हा सगळा दुधाचा पट्टा आहे, म्हणून हेही सांगायला हवे की गोठ्यातल्या वासाने माणसाचे नाक जाते असा याचा अर्थ नाही. प्रयोगातली मात्रा आणि गोठ्यातली मात्रा यांत महदंतर आहे. मात्रा विसरून विषाविषयी बोलणे म्हणजे नुसती भीती पसरवणे.

ज्या धंद्यात मात्रा खरोखर चिंतेची असू शकते तो याच जिल्ह्यात आहे. संगमनेर, अकोले आणि खुद्द नगर शहर इथे विड्या वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. नगरमध्ये ते मुख्यतः पद्मशाली समाजाच्या बायकांनी केले. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा आणि ओलसर तेंदूची पाने, हातात कात्री. पान कापायचे, चिमूटभर चुरा भरायचा, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे. हजाराचा आकडा गाठायचा म्हणजे मान खाली, नाक सुपावर आणि श्वासागणिक तंबाखूची धूळ. घर लहान असते, त्यामुळे तीच धूळ चुलीपाशी आणि पाळण्यापाशीही असते. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले यांची सोय त्यांतून झाली. नाकाच्या माथ्यावरचा पट्टा त्या हिशेबात कधी आला असेल असे मला वाटत नाही.

तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यातल्या निकोटिनपासून आणि त्याच्या भावंडांपासून नायट्रोसअमाइन जातीची संयुगे तयार होतात. त्यांतली एनएनके आणि एनएनएन ही दोन सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये त्यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. त्यांसाठी तंबाखू पेटवावी लागते, धूर व्हावा लागतो, असे काही नाही. ती कोरड्या पानातच असतात. पण एनएनके स्वतः होऊन डीएनएला काही करू शकत नाही. त्याला पी-४५० ने हात लावावा लागतो. माणसाच्या शरीरात हे काम सर्वांत झपाट्याने करणारे विकर म्हणजे सीवायपी-२ए-१३. २००० साली डिंग यांच्याच गटाने ते दाखवले, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली: हे विकर यकृतात जवळजवळ नाही. ते श्वसनमार्गात असते आणि त्यातही सर्वाधिक नाकाच्या अस्तरात.

हे दोन धागे जवळ आणले की तपकिरीची आठवण होणे अटळ आहे. एके काळी शास्त्री-पंडितांच्या, वकील-मास्तरांच्या कनवटीला तपकिरीची डबी असायची. चिमटीत धरून ती नाकात ओढायची म्हणजे तंबाखूची भुकटी अशा जागी नेऊन ठेवायची जिथे तिच्यातल्या एनएनकेला जागे करणारे विकर शरीरात सर्वांत जास्त आहे. १७६१ मध्ये लंडनच्या जॉन हिल यांनी तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींविषयी इशारा देणारी पुस्तिका छापली. तंबाखू आणि कर्करोग यांची सांगड घालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ती मोजतात. हिल यांना विकर माहीत नव्हते, डीएनए माहीत नव्हते. रुग्णाचे नाक पाहून त्यांना जे दिसले त्याचे कारण कळायला दोनशे चाळीस वर्षे गेली.

विडी कामगारांच्या शरीरात नेमके काय उतरते याचा शोध महाराष्ट्रातच घेतला गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विडी उद्योगातल्या कामगारांच्या लघवीची, रक्ताची तपासणी केली. त्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत धूळ कातडीतून आणि नाक-घशातून शरीरात शिरते हे स्पष्ट म्हटले होते. लघवीत निकोटिनपासून शरीरात बनणारे कोटिनिन वाढलेले होते, गुणसूत्रांवर इजेच्या खुणा होत्या. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच: धुळीत काम करणाऱ्यांत ग्लुटाथिओन आणि ते जोडणारे विकर दोन्ही कमी भरले. म्हणजे पहिली फळी विष घडवते आहे आणि ते निपटणारी दुसरी फळीच खंगते आहे. त्यातही माणसामाणसांत फरक. ग्लुटाथिओन जोडणाऱ्या विकरांपैकी जीएसटी-एम-१ चे जनुक बऱ्याच लोकांत मुळातच नसते. एकाच ओसरीवर, एकाच सुपाशी बसणाऱ्या सासू-सुनेपैकी एकीचे शरीर धूळ निभावून नेईल आणि दुसरीचे नाही, याचे कारण कामातल्या निष्काळजीपणात किंवा नशिबात शोधू नये.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. उंदराचे नाक ते माणसाचे नाक नव्हे. उंदीर वासावर जगतो. त्याच्या नाकाच्या पोकळीचा मोठा भाग घ्राणपटलाने व्यापलेला असतो, आपल्याकडे एक लहानसा कोपरा. त्याच्या विकरांचा वेग अनेक पदार्थांबाबत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे उंदरांच्या नाकातली गाठ पाहून माणसासाठी मर्यादा ठरवणे चुकीचे आहे, असा युक्तिवाद रसायन उद्योगाने अ‍ॅलाक्लोरपासून नॅफ्थलीनपर्यंत प्रत्येक वेळी केला. त्यात तथ्य आहे. पण तथ्य वेगाच्या फरकापुरते आहे. डिंग यांच्या गटाने पुढे असे उंदीर घडवले की ज्यांच्यातली स्वतःची विकरे काढून त्यांच्या जागी माणसाची सीवायपी-२ए-१३ आणि २एफ-१ बसवली होती. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की माणसाच्या या विकरांच्या भरवशावरही नॅफ्थलीन उंदराच्या नाकाला आणि फुप्फुसाला इजा करते. ‘कमी’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा लावायला त्यानंतर जागा उरलेली नाही. आणि प्रयोगातला उंदीर दोन वर्षे जगतो; विड्या वळणारी बाई दहा-बारा वर्षांची असताना सुपाशी बसली तर साठीपर्यंत तिथेच असते.

वास गेल्याने काय बिघडते, असे विचारणारे लोक पूर्वी भेटत. २०२० नंतर कुणी विचारत नाही. करोनाने नगर जिल्ह्यातही घरोघरी माणसांची वासाची जाण नेली, आणि जेवणातला जीव गेला म्हणजे काय हे लोकांना कळले. दूध नासल्याचे, गॅस सुटल्याचे, तान्ह्याचे लंगोट ओले झाल्याचे कळेनासे झाले. त्या आजारातही चेतापेशींवर विषाणूचा थेट हल्ला नव्हता. विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो ते चेतापेशींवर नसून आधारपेशींवर असते. निस्तरणाऱ्या पेशी पडल्या आणि ओळखणाऱ्या निकामी झाल्या. रसायनांच्या बाबतीत जो क्रम उंदरांत दिसला होता, तोच इथे दुसऱ्या वाटेने दिसला. बहुतेकांचा वास परतला, कारण घ्राणपटल हे पुन्हा उगवणाऱ्या ऊतींपैकी आहे. बुडाशी असलेल्या मूळपेशी नव्या आधारपेशी आणि नव्या चेतापेशीही घडवतात. प्रौढ शरीरात चेतापेशी अशा नव्याने घडण्याच्या जागा फार थोड्या.

पण पुन्हा उगवण्यालाही मर्यादा आहे. इजा खोल गेली, किंवा वारंवार होत राहिली, की मूळपेशी घ्राणपटल घडवायचे सोडून त्या जागी साधे श्वसनमार्गाचे अस्तर घडवतात, जसे नाकाच्या खालच्या भागात असते तसे. त्या अस्तरात ती विकरे फारच थोडी असतात. त्यामुळे त्याच रसायनाचा पुढचा मारा तिथे फारसा लागत नाही. ऊती तगते, पण त्या जागी आता वास कळत नाही. डायक्लोबेनिल दिलेल्या उंदरांत आणि नॅफ्थलीनच्या वाफेतल्या प्राण्यांत हे दिसले आहे.

विडी कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला तंबाखूच्या दर्पाने ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. जुन्या बायका म्हणतात, सवय झाली, आता वास येतच नाही. हे सांगणे दोन अगदी वेगळ्या गोष्टींचे असू शकते. एक सवय खरोखर मेंदूची असते. काही दिवस कामापासून दूर राहिले की ती उतरते आणि परतल्यावर दर्प पुन्हा जाणवतो. दुसरी ऊतीची असते. ती सुटीने उतरत नाही, आणि तिच्यात तंबाखूबरोबर इतर वासही गेलेले असतात. या दोहोंतला फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये चाळीस वासांची खरवडून हुंगायची चाचणी तयार केली. १९९० मध्ये त्यांच्याच गटाने सिगारेटच्या संख्येगणिक वासाची जाण घटते हे तिच्या आधारे दाखवले. तीच चाचणी जशीच्या तशी संगमनेरला आणून चालणार नाही, कारण तिच्यातले कित्येक वास इथल्या बायकांनी कधी घेतलेलेच नसतील. लवंग, हिंग, मेथी, वेलदोडा, मोगरा, रॉकेल, ताक असे वास निवडावे लागतील. निलगिरी आणि अमोनिया टाळावे लागतील, कारण त्यांची झोंबणारी जाणीव वेगळ्या चेतातंतूकडून मेंदूत जाते आणि घ्राणपटल मेलेले असले तरी शाबूत राहते. तिच्यावरून नाक ठीक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. चाचणी एकदा भर कामाच्या दिवसांत घ्यायची आणि एकदा दिवाळीच्या सुटीनंतर, काम पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. मशेरी लावणाऱ्या, तपकीर ओढणाऱ्या आणि यांतले काहीच न करणाऱ्या बायकांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या, आणि शेजारच्याच गल्लीत राहणाऱ्या पण विडीचे काम न करणाऱ्या त्याच वयाच्या बायकांशी त्या ताडून पाहायच्या. विडी कामगारांच्या दवाखान्यातली एक परिचारिका आणि झाकणाच्या दोन डझन बाटल्या एवढ्यावर हे काम एका वर्षात होऊ शकते.